थंडरबर्डच्या बॅकअपचा १४ महिन्यांचा अनुभव, आणि ४ जीबीची ती एक ओळ

थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा, पाठवायचा आणि साठवून ठेवायचा प्रोग्रॅम. मी हे २०१० पासून वापरते, फुकट आहे, कोणी वर्गणी मागत नाही, देणगी द्यावीशी वाटली तर द्या एवढंच, आणि माझ्यासारख्या पेन्शनमध्ये घर चालवणाऱ्या बाईला ते फार मोठं आहे. पण हा अनुभव प्रोग्रॅमचा कमी आणि त्याच्या बॅकअपचा जास्त आहे, कारण बॅकअप घेतलाय असं समजून मी दोन महिने निवांत होते आणि तो पूर्ण नव्हताच.

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या वेळेला जो पाऊस झाला आणि विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. आजवा धरणाचं पाणी येणार म्हणून गाद्या, देव, धान्याचे डबे सगळं वर चढवलं आणि टेबलाखालचा सीपीयू राहिला. दोन दिवस तो पाण्यात होता. बाहेर रस्त्यावर मगरी दिसतायत म्हणून कोणी बाहेर पडत नव्हतं, तिथे कॉम्प्युटरचं कुणाला सुचणार.

त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं सगळं काम होतं. सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी १४ वर्षं जमवतेय, माहिती बहुतेक सगळी मेलनेच येते, कुणी शाखेची वंशावळ पाठवतं, कुणी जुने फोटो, कुणी आजोबांच्या आठवणी. कुलमंडळाच्या नावाने वेगळा डोमेन घेतला होता आणि ते खातं पॉपवर होतं (म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत), सर्व्हरवर मेल १४ दिवस ठेवून मग काढून टाकायचे असं सेटिंग, कारण स्वस्तातल्या प्लॅनमध्ये जागाच तेवढी. म्हणजे मेलची एकमेव प्रत माझ्या हार्डडिस्कवर. दुकानात डिस्क नेली तर रिकव्हरीचे १८ हजार सांगितले, वर काही निघेलच याची खात्री नाही, आणि पैसे आधी. खात्री नसेल तर आधी पैसे कशाचे, मी डिस्क परत घेऊन आले.

कारण माझ्याकडे पेनड्राइव्ह होता. त्याच वर्षी जूनमध्ये पुतण्याने दाखवलं होतं तसं 'हेल्प' मधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडून तिथून प्रोफाइल फोल्डर (मेल, पत्ते, पासवर्ड सगळं ज्यात असतं तो) उघडायचा, थंडरबर्ड बंद करायचं, मग आख्खा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर कॉपी करायचा. एक्स्पोर्टचं बटण टूल्समध्ये आहे पण ते २ जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल घेत नाही, माझं त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं, त्यामुळे हाताने कॉपी हाच रस्ता.

तर नवीन (म्हणजे जुनाच, पुतण्याचा) लॅपटॉप घेतला, पेनड्राइव्हवरून प्रोफाइल टाकलं. पहिल्यांदा उघडेचना, कारण माझं प्रोफाइल नव्या आवृत्तीचं आणि लॅपटॉपवरचं थंडरबर्ड जुनं, जुनी आवृत्ती नवं प्रोफाइल घेत नाही. नवीन टाकल्यावर उघडलं. पत्ते सगळे आले, सेंट, म्हणजे मी पाठवलेले मेल, आले, पासवर्डसुद्धा आले. इनबॉक्स रिकामा.

इथे ती ४ जीबीची गोष्ट आहे आणि मी ती जरा लांबवून सांगणार आहे. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं, एमबॉक्स म्हणतात त्याला, नाव नुसतं 'इनबॉक्स', पुढे डॉट काहीच नाही. माझी ती फाइल ५.२ जीबी झाली होती. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, अर्ध्याहून जास्त रिकामा, पण तो फॅट३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत, तिलाच फाइल सिस्टिम म्हणतात) फॉरमॅट केलेला, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर बसतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. कॉपी करताना विंडोजने एक ओळ दाखवली होती की फाइल डेस्टिनेशनच्या फाइल सिस्टिमसाठी फार मोठी आहे, आणि खाली 'स्किप' होतं. मी स्किप दाबलं. जागा तर दिसत होती, मग मोठी म्हणजे काय ते मला कळलं नाही, वाटलं एखादी फाइल राहिली असेल, हजारो फाइलींमधली एक. ती एकच फाइल म्हणजे १४ वर्षांचा पत्रव्यवहार होता.

तुमच्याकडे जुना पेनड्राइव्ह असेल तर आत्ता त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, फाइल सिस्टिमपुढे फॅट३२ लिहिलं असेल तर आतलं सगळं आधी दुसरीकडे काढा आणि एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत.

सप्टेंबरमध्ये मी रागाने ठरवलं होतं की ही एकाच फाइलमध्ये सगळं ठेवायची पद्धतच चुकीची आहे आणि हा प्रोग्रॅम सोडायचा. ते मत आता राहिलं नाहीये, दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे 'इनबॉक्स' फाइल गेली तरी तिच्या शेजारची 'इनबॉक्स डॉट एमएसएफ' कॉपी झाली होती. ती फक्त सूची असते, आत पत्र नसतं. पण पुतण्या म्हणाला, काकू, नोटपॅडमध्ये उघडून तर बघू. उघडली, सगळा गिचमिड मजकूर, आणि त्यात मधेमधे पाठवणाऱ्याचे पत्ते आणि विषय! देवनागरीत लिहिलेले विषय वाचता येत नाहीत, ते संकेतात असतात, पण इंग्रजी लिपीतले विषय आणि मेलचे पत्ते सरळ वाचता येतात. कुणीकुणी लिहिलं होतं त्याची यादी हातात आली, ३४० च्या वर माणसं निघाली. एक काळजी घ्या, थंडरबर्डला मुख्य फाइल सापडली नाही तर ते ही सूची नव्याने, रिकामी बनवतं, म्हणून पेनड्राइव्हवरची प्रत थेट कधी उघडायची नाही, आधी तिची दुसरी प्रत करायची. आम्ही नशिबाने तसं केलं होतं.

दुसरी गोष्ट सेंटची. माझी सवय अशी की आलेल्या पत्राला उत्तर देताना खालचं मूळ पत्र पुसायचं नाही. लोक यावरून बोलायचे, मेल लांब होतात म्हणून. सेंटची फाइल १.९ जीबी, ती पेनड्राइव्हवर नीट बसली होती. तिच्यात माझ्या प्रत्येक उत्तराखाली समोरच्याचं पत्र होतं, ओळीच्या आधी ती बाणासारखी खूण घेऊन. नाशिकच्या आत्यांनी २०१३ मध्ये पाठवलेलं पत्र, पणजोबा सयाजीरावांच्या काळात नोकरीसाठी बडोद्याला कसे आले, पहिली दोन वर्षं दांडिया बाजारात कुणाच्या ओसरीवर राहिले, ते सगळं. आत्या २०१९ मध्ये गेल्या. त्या पत्राचा एक शब्दही दुसरीकडे कुठे नव्हता, आणि तो माझ्या "पत्र मिळालं, खूप आनंद झाला" च्या खाली सापडला. मी तिथेच बसून रडले. फोटो मात्र नाही आले, कारण रिप्लायमध्ये अटॅचमेंट जात नाही. आणि एमबॉक्स साधा मजकूर असतो म्हणूनच पुतण्याला त्या फाइलीत आत्यांचं नाव शोधून पत्रापर्यंत पोचता आलं, दुसऱ्या कुठल्या बंद फॉरमॅटमध्ये असतं तर विशेष सॉफ्टवेअर शोधत बसलो असतो. म्हणून पद्धत चुकीची आहे हे शब्द मी मागे घेते.

आणि ५.२ जीबीचं खरं कारण नंतर कळलं. मेल डिलीट केला तरी त्या फाइलीतून तो लगेच जात नाही, फक्त पुसल्याची खूण होते, फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा सुटते. थंडरबर्ड मधूनमधून विचारायचं, कॉम्पॅक्ट करू का, आणि मी भीतीने नको म्हणायचे, काही उडेल म्हणून. शिवाय अटॅचमेंट मेलमध्ये मजकूर बनून बसतात तेव्हा एक तृतीयांशाने फुगतात, ३ एमबीचा फोटो ४ एमबी खातो. कॉम्पॅक्ट केलं असतं तर कदाचित फाइल ४ जीबीच्या आत असती आणि पेनड्राइव्ह कसाही असता तरी चाललं असतं. हे मला फार लागलंय.

आता वर्षावार फोल्डर केलेत, २०२४, २०२५ असे, एकही फाइल १ जीबीच्या वर जाऊ देत नाही.

पत्त्यांचं थोडं सांगते. माझे ११०० च्या आसपास पत्ते, नावं सगळी देवनागरीत, आणि शाखांप्रमाणे याद्या केलेल्या. प्रोफाइलमध्ये 'अबुक डॉट एसक्यूलाइट' ही मुख्य वही, आणि ज्यांना आपण नुसतं उत्तर देतो त्यांचे पत्ते आपोआप जमतात ते 'हिस्टरी डॉट एसक्यूलाइट' मध्ये, दोन्ही घ्या. पुण्याच्या दिरांना यादी हवी होती म्हणून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढून पाठवली तर त्यांच्याकडे स्प्रेडशीटमध्ये सगळी नावं भलत्याच अक्षरांची झाली. एक्स्पोर्टमध्ये यूटीएफ-८ (ज्या संकेतात देवनागरी नीट राहते तो) वाला सीएसव्ही निवडायचा आणि समोरच्याने डबल क्लिक न करता इम्पोर्ट करून यूटीएफ-८ सांगायचं, मग नीट दिसतं. सीएसव्हीमध्ये शाखांच्या याद्या जात नाहीत, फक्त माणसं जातात. बॅकअप म्हणून सीएसव्हीवर विसंबू नका, वहीची फाइलच ठेवा.

पासवर्डसाठी 'की४ डॉट डीबी' आणि 'लॉगिन्स डॉट जेसन' दोन्ही एकत्र लागतात. पण मग तो पेनड्राइव्ह ज्याच्या हातात जाईल त्याला तुमचं खातं उघडता येईल, म्हणून सेटिंगमध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे बाकी सगळ्या पासवर्डांना कुलूप लावणारा एक पासवर्ड, घाला. मी घातलाय आणि तो कागदावर लिहून देवघरातल्या डब्यात ठेवलाय.

पुतण्याने रोबोकॉपीची (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) बॅच फाइल करून दिली, डबल क्लिक केलं की कॉपी. पहिल्यांदा त्यात एमआयआर होतं, म्हणजे इथे जे नसेल ते तिकडूनही पुसायचं. मी विचारलं, मग इथे चुकून उडालं तर तिकडचंही जाईल का, तर हो म्हणाला. तेव्हा ते काढून टाकायला लावलं, आता तारखेच्या नावाने नवीन फोल्डर होतो आणि जुने तीन ठेवते. आयमॅपवाल्यांनीही (ज्यांचे मेल सर्व्हरवरच राहतात आणि मशीनवर त्यांची प्रत दिसते) हे लक्षात ठेवावं, सर्व्हरवरून मेल गेला की तुमच्या मशीनवरूनही जातो, तो बॅकअप नव्हे.

सगळ्यात उपयोगी सवय मात्र ही: दर तीन महिन्यांनी प्रोफाइल मॅनेजरमधून 'चाचणी' नावाचं प्रोफाइल उघडायचं, त्यात बॅकअपची प्रत टाकायची, आणि खरंच मेल दिसतायत का ते प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन बघायचं. अर्धा तास जातो. जून २०२४ ला हा अर्धा तास दिला असता तर रिकामा इनबॉक्स मला तेव्हाच दिसला असता.

खर्च एकूण ६४ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, बाकी शून्य. एक घरी, तोही आता माळ्यावर, आणि एक तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे त्यांच्या कपाटात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांची अदलाबदल करते, त्या चहा टाकतात.

३४० पैकी २८० जणांनी पत्रं, वंशावळी परत पाठवल्या, काहींनी नवीन माहितीसकट. आत्यांच्या सूनबाईंशी बोलणं झालंय, ओसरीवरचा फोटो मूळ अल्बममध्ये आहे म्हणाल्या, डिसेंबरमध्ये नाशिकला जाऊन मी स्वतः स्कॅन करणार आहे. उरलेल्या साठजणांना या आठवड्यात पुन्हा लिहितेय.