ओट्यामागच्या टाइल्ससाठी काय आणावं, स्प्रे की क्रीम?

स्वयंपाकघराच्या सफाईसाठी एकच बाटली आणायची तर स्प्रे आणावा की क्रीम, असं इंदूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. दिवाळीच्या सफाईआधी तर हमखास. मी दोन्ही भरपूर वापरली आहेत आणि दोन्हींत दम आहे. तरी सध्या आमच्या ओट्याखालच्या कपाटात क्रीमची बाटली पुढे असते आणि स्प्रे मागे, त्याचं कारण सांगतो.

आधी स्प्रेची बाजू. फ्रिजचं दार, मायक्रोवेव्ह, जेवणाच्या टेबलाची काच, खिडक्यांच्या चौकटी या सगळ्यांना स्प्रेच बरा. घासायला लागत नाही, मागे काही उरत नाही, एकदा फडकं फिरवलं की झालं. संध्याकाळी शिंतोडे उडाले आणि रात्री झोपण्यापूर्वी पुसायची सवय असेल, तर क्रीमची गरजही फारशी पडू नये. रोजच्या रोज पुसणाऱ्याला मी स्प्रेच घ्या म्हणेन.

पण बहुतेक घरांत असं होत नाही, आमच्याकडेही नाही. मालव्यात घरोघरी सोयाबीनचं तेल. सकाळी पोह्यांची फोडणी, सणावारी शेव-चकल्यांची तळणी. वाफेबरोबर उडालेलं हे तेल टाइल्सवर बसतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होत जातं. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणामुळे. सोयाबीनमध्ये तो कमी असला तरी शेगडीची ऊब मिळाली की बाकीचं काम होतं. महिन्याभरात तो थर नुसता तेलकट राहत नाही, पिवळट मेणचट होतो, वर धूळ धरतो आणि नखानं खरवडला तर गुंडाळी होऊन निघतो. अशा थराला दोन गोष्टी हव्यात: औषध त्यावर थोडा वेळ टिकायला हवं आणि वरून घासणी फिरायला हवी.

स्प्रेचं माझं बिनसलं ते इथेच. उभ्या टाइलवर तो थांबत नाही. मारला की क्षणात ओघळ सुरू. ओघळ जिथून जातो तिथे मेणचटपणा थोडा सुटतो, बाजूचा तसाच राहतो, आणि सुकल्यावर टाइलवर उभे पट्टे दिसतात. खाली आलेलं तपकिरी पाणी टाइल्सच्या सांध्यांत मुरतं, उरलेलं ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात शेगडीच्या मागे साठतं. मग शेगडी सरकवा, नळी सांभाळा, तो कोपरा पुसा. म्हणजे भिंत साफ करायला निघालो की ओटाही साफ करणं आलंच. यावर उपाय आहे, नाही असं नाही. टिश्यू पेपर टाइलवर चिकटवून त्यावर स्प्रे मारला तर औषध धरून राहतं आणि पाच-दहा मिनिटांत थर मऊ पडतो. चार टाइल्सना ठीक आहे, पूर्ण भिंतीला कागद कोण लावत बसणार? शिवाय लहान स्वयंपाकघरात खिडकी बंद असली की त्या तुषारांनी माझ्या आईला ठसका लागतो. प्रत्येकाला लागेलच असं नाही, पण घरात दम्याचं कुणी असेल तर हे ध्यानात घ्या.

क्रीम जिथे लावाल तिथे राहतं. ओल्या स्पंजवर अंगठ्याच्या पेराएवढं घ्यायचं, टाइलवर गोल फिरवायचं, थोडं थांबून पुन्हा फिरवायचं. पांढरं क्रीम बघता बघता करडं-तपकिरी होतं आणि स्पंजाखालची चिकट ओढ जाऊन तो सरसर फिरू लागतो; थर सुटल्याची खूण तीच. बहुतेक क्रीममध्ये खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक भुकटी असते. कठीणपणाच्या १ ते १० च्या मापात ती ३, काच साधारण ५.५, आणि टाइलवरचा चकचकीत थर काचेसारखाच. त्यामुळे मेणचट थर खरवडला जातो आणि टाइलच्या चकाकीला धक्का लागत नाही.

भांड्यांची पावडरही घासते, आणि सगळ्यात स्वस्त तीच. पण काहींत गारगोटीची भुकटी असते, तिचा कठीणपणा ७. काचेच्या शेगडीवर तिनं चरे पडू शकतात. शिवाय बर्नरच्या भोकांत गेलेली पावडर काढणं जिकिरीचं. पावडर सिंकपुरती ठेवावी.

क्रीमचं दुखणं दुसरंच. धुतलं नाही तर सुकल्यावर पांढरट थर दिसतो, काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर चांगलाच. ओल्या फडक्यानं दोनदा पुसावं लागतं, दरवेळी फडकं पिळून. शेगडीच्या बटणांच्या खाचांत अडकलेलं काढायला जुना टूथब्रश लागतो. हा त्रास आहेच. मला तो ओघळांपेक्षा परवडतो, कारण तो माझ्या हाताखालीच असतो, शेगडीमागे जाऊन लपत नाही.

एकदा बाटली घरात आली की तिला कामं सापडत जातात. चहाचे डाग धरलेले कप, स्टीलच्या सिंकची कड, कुकरची बाहेरची बाजू, पांढऱ्या बुटांचे सोल, काळवंडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. नॉनस्टिक तवा, चष्मा, टीव्ही, मोबाइल, अॅक्रिलिक आणि गाडीचा रंग यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. पॉलिश केलेल्या संगमरवरावरही नको. तो खडूच्याच जातीचा, चमक मंदावते.

बाथरूमच्या नळावरच्या पांढऱ्या क्षारांसाठी क्रीम घेत असाल तर थोडं थांबा. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, पण कितीतरी कॉलन्यांत अजून बोरिंगवर भिस्त आहे आणि ते पाणी जड. नळावर बसतात ते क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. खडूनं खडू घासून पातळ थर निघेल, जाड निघणार नाही. तिथे लिंबूसत्त्वाचं पाणी फडक्याला लावून नळाभोवती गुंडाळावं आणि मग नीट धुवावं. फक्त खाली कोटा फरशी असेल तर ते गळू देऊ नका. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, आंबट लागलं की डाग कायमचा. क्रीम आणि लिंबूसत्त्व एकत्रही करू नये. फेस येतो, छान वाटतं, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. आणि ब्लीचमध्ये तर कुठलंच आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरात काचाच काचा, तळण क्वचित, रोज पुसायची शिस्त असेल तर स्प्रे आणा, मी आग्रह धरणार नाही. फोडणी रोजची आणि भिंत आठवड्यानं किंवा महिन्यानं धुतली जात असेल, तर मला वाटतं क्रीमच सोयीचं पडेल. पहिल्यांदा लहान बाटली घ्या, एखाद्या कोपऱ्यातल्या टाइलवर लावून बघा. वापरण्याआधी बाटली हलवा, कारण भुकटी तळाशी बसते. आणि झाल्यावर तोंड पुसूनच झाकण लावा, नाहीतर तिथे खडूचा गठ्ठा जमून पुढच्या वेळी क्रीम बाहेर यायलाच तयार होत नाही.