जुना बेंच ग्राइंडर घेताय? आधी खालचा पत्रा उघडा

साडेचार हजार रुपये मोजून मी घरी आणलेला बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवायची, दोन्ही बाजूंना घासायची चाकं असलेली मोटार, पुरात बुडालेला निघाला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "बंद पडलेल्या कारखान्यातला हाय, मालकानं नुसता झाकून ठेवलेला." दुकानाचं नाव लिहीत नाही. असा माल विकणारा तो एकटाच नाही, आणि पाटी बदलायला कोणालाही वेळ लागत नाही.

फुलेवाडीत घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक ड्रिल, एक वाईस. लेथची टूलं घासायला, ड्रिल बिटांना धार लावायला ग्राइंडर हवाच. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची खुरपी आणि विळेही येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. कोल्हापुरात राहून नवीन मशीन कशाला, असंच कुणालाही वाटेल. उद्यमनगर हाकेच्या अंतरावर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून सतत जुना माल बाहेर पडतो, आणि ओतीव लोखंडाच्या जुन्या बॉडीचं वजन आजच्या हलक्या मशीनला येत नाही. हे सगळं खरंच आहे. म्हणूनच तर असल्या मालाला गिऱ्हाईक मिळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. सखल भागातल्या दुकानांत, गोदामांत, वर्कशॉपांत मोटारी पाण्याखाली गेल्या. बुडालेली मोटार म्हणजे मेलेली मोटार नव्हे. ती उघडून स्वच्छ पाण्याने धुवायची, भट्टीत वाळवायची, वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मेगरवर (करंट गळतो का ते दाखवणाऱ्या मीटरवर) तपासायचं, लागलं तर नवीन भरायचं, बेरिंग बदलायची. मग ती वर्षानुवर्षं चालते. असं करून, तसं सांगून, कमी किमतीत कोणी विकत असेल तर खुशाल घ्यावी. माझ्या ग्राइंडरवर यातलं काहीच धड केलेलं नव्हतं, फक्त चकचकीत हिरवा हॅमरटोन रंग मारलेला होता.

दुकानातलं प्रात्यक्षिक मात्र बघण्यासारखं होतं. दोन्ही चाकं आधीच काढून ठेवलेली. "जुनी चाकं धोक्याची असत्यात पाव्हणं, नवीन टाकून घ्या, मीच देतो." ऐकणाऱ्याला हा माणूस किती जबाबदार वाटेल! मग नुसता शाफ्ट, म्हणजे चाकं बसतात तो दांडा, ठेवून बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही. पठ्ठ्याने बॉडीवर पाच रुपयांचं नाणं उभं करून दाखवलं. नाणं पडलं नाही.

चाक नसलेला ग्राइंडर हलत नाही, कारण हलायला त्याच्यावर वजनच नसतं. बेरिंग ढिली असो, शाफ्टला बाक असो, खरा प्रकार चाक चढवून पूर्ण वेग घेतल्यावरच कळतो. बेरिंगमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरलं की उरलासुरला खरखराटही दबतो. तेव्हा विकणारा काहीही म्हणो, चाकं लावूनच चालवायला सांगा. आपलं चांगलं चाक पिशवीतून घेऊन गेलात तर उत्तमच. सुरू करताना चाकाच्या समोर उभं राहू नका, बाजूला व्हा. आणि बंद करताना कान द्या. मोटारीचा गुणगुणाट थांबतो, चाक नुसतं फिरत राहतं, त्या उताराच्या वेगात बेरिंगची घरघर स्वच्छ ऐकू येते.

घरी आल्यावर चाकं चढवली आणि टेबलावरचा पाना थरथरीने चालायला लागला. विकणाऱ्याने 'नवीन' म्हणून दिलेलं एक चाक बोटावर लटकवून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकवलं, तर आवाज मडक्यासारखा बद्द आला. चांगलं व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून केलेलं, चाक खणखणतं. बद्द वाजलं तर तडा असू शकतो, आणि तडा गेलेलं चाक मशीनवर चढवायचंच नाही. २०० मिलिमीटरचं चाक २८५० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास ३० मीटर वेगाने धावत असते. तुकडा उडाला तर तो कुठे लागेल याचा नेम नाही. मी ते चाक हातोडीने फोडून टाकलं, म्हणजे पुन्हा कुणाच्या हातात जायला नको. आत ओल होती. पाण्यात राहिलेलं चाक पाणी पितं आणि एका बाजूला जड होतं.

दुसरं, चांगलं चाक लावून एक एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) बिट टेकवला. जरा जोर दिला की वेग बसायचा. थोड्या वेळात बॉडीवर हात ठेववेना, आणि मनगटाला मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर पेटला. प्लगला तीन पिना, पण आतली वायर दोनच कोअरची! अर्थिंगची पिन नुसती शोभेला.

मग ते धूड उचलून उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्या मामांकडे नेलं. मामांनी मशीन आडवं करून आधी खालचा पत्रा खोलला. चार स्क्रू. आत बेसच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाळलेला गाळ, पीठ चाळावं इतका बारीक, वर भेगा पडलेल्या. भिंतीला आतून पाण्याची रेघ. त्या चिखलात एकच वस्तू नवीकोरी चमकत होती, कपॅसिटर. "पुरातला हाय ह्यो," मामा म्हणाले आणि बोटाने गाळ खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून रंग मारता येतो, आत कोण हात घालतोय, हा विकणाऱ्याचा हिशेब.

पुढे एकेक निघत गेलं. वायंडिंग नवीन होतं, पण ॲल्युमिनियमचं. तारेवरचा इनॅमलचा लेप तांबूस असल्यामुळे नजरेला तांबंच वाटतं. मामांनी लीडच्या (बाहेर येणाऱ्या वायरच्या) जोडाजवळ ब्लेडने जरा खरवडलं आणि खालून पांढरी तार दिसली. आता ॲल्युमिनियम म्हणजे लबाडीच असं नाही, स्वस्तातल्या नवीन मशीनमध्येही ते असतं. पण तेवढाच करंट न्यायला तांब्याच्या साधारण १.६ पट आडव्या छेदाची तार लागते, आणि तेवढी जागा तांब्यासाठी केलेल्या स्लॉटमध्ये (तार बसायच्या खाचेत) नसते. म्हणून भरणाऱ्याने बारीक तार भरली. ती तापणारच. वॉर्निशचाही पत्ता नव्हता, आणि एक लीड कव्हरच्या स्क्रूखाली चेमटली होती. मुंग्या तिथून येत होत्या.

बेरिंग ओढून काढली तेव्हा शाफ्ट बघून मामांनी मान हलवली. बेरिंग बसते त्या जागी गोल फिरून सेंटर पंचाने ठिपके मारलेले. पाण्याने गंजून शाफ्ट तिथे झिजलेला, बेरिंग ढिली बसायची, म्हणून ठिपके मारून त्यांच्या कडा वर उचलायच्या आणि बेरिंग ठोकून बसवायची. दुकानात दाखवण्यापुरती ती घट्ट बसते. चार दिवस चाक चालवलं की त्या कडा चेपतात आणि पुन्हा खेळ सुरू. सरळ इलाज म्हणजे ती जागा वेल्डिंगने भरून लेथवर मापाला आणणं. उद्यमनगरात हे काम कोणीही चांगला टर्नर करून देतो. ते न करता पंच मारणाऱ्याला आपलं काम टिकणार नाही हे पक्कं माहीत असतं.

आणि ती प्लेट! पितळी रंगाची, नवीन रिव्हेट मारलेली: १ एचपी, ३६०० आरपीएम. मामा हसायलाच लागले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. दोन पोलच्या इंडक्शन मोटारीचा वेग त्यावर ३००० च्या वर जाऊच शकत नाही, लोडवर तो २८५० च्या आसपास राहतो. ३६०० हा आकडा ६० हर्ट्झच्या देशातला. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी परदेशी मशीनवरून उचललेला असणार. एचपीचंही तेच. स्टेटरची, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाची, लांबी बघून मामा म्हणाले, स्टॅम्पिंग (त्यातला पत्र्यांचा गठ्ठा) अर्ध्या एचपीचंच आहे. त्यामुळे जुन्या मशीनवर नवी प्लेट दिसली की आकडे वाचा. इथे चालणाऱ्या साध्या बेंच ग्राइंडरवर २८०० ते २९०० किंवा, चार पोलचा असेल तर, १४०० ते १४५० च्या आसपासचा आकडा हवा.

आणखी एक प्रकार माझ्या बाबतीत झाला नाही, पण मामांकडे दुरुस्तीला येतो. कारखान्यातले बरेच ग्राइंडर थ्री फेजचे असतात. त्याला कपॅसिटर जोडून "घरच्या लाइनीवर चालतोय" म्हणून विकतात. चालतो, पण ताकद बरीच घटते, आणि घासताना दाबलं की अडतो. टर्मिनल बॉक्स उघडून आतल्या जोडण्या बघितल्याशिवाय असा माल घेऊ नये. घरच्या कामाला सिंगल फेजचा, अर्ध्या एचपीचा, १५० मिलिमीटर चाकाचा ग्राइंडर पुरतो. नवीन घेतलात तर 'कॉपर वायंडिंग' हे शब्द बिलावर लिहून मागा. दुकानदार तोंडाने हो म्हणतो आणि लिहायची वेळ आली की चाचरतो. चाचरला की समजून जा. टूल रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत सरकतो का तेही बघा, स्वस्त मशीनमध्ये त्याचा स्लॉटच आखूड असतो. डाव्या बाजूच्या नटाला डावे आटे असतात. तो उलटा फिरतो म्हणून मशीन खराब आहे असं समजू नका, आणि उगाच जोर लावून आटेही मारू नका.

विकणाऱ्याकडे परत गेलो तेव्हा उत्तर तयारच होतं. "जुना माल हाय पाव्हणं, त्याला कसली गॅरंटी?" बिल म्हणजे चिठ्ठी, तिच्यावर 'ग्राइंडर १ नग' एवढंच. पण सौदा ठरताना त्यानेच मोबाइलवर फोटोसोबत लिहून पाठवलं होतं: १ एचपी, फुल कॉपर, कमी वापर. पैसेही यूपीआयने दिलेले, त्यामुळे तारीख आणि रक्कम दोन्ही नोंदलेली. गॅरंटी नसणं वेगळं आणि खोटं सांगून विकणं वेगळं. गाळाचे, पंचाच्या ठिपक्यांचे आणि खरवडलेल्या तारेचे फोटो त्याच्यासमोर ठेवले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जातो, असं शांतपणे सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही. हे त्याला बहुतेक माझ्यापेक्षा जास्त माहीत असावं, कारण "चहा घेणार का?" हा प्रश्न त्यानंतर आला.

पूर्ण पैसे काही सुटले नाहीत. मशीन परत घेऊन तो दुसरं मशीन द्यायला तयार होता, मी त्याच्याकडचं दुसरं मशीन घ्यायला नव्हतो. शेवटी दोन हजार परत मिळाले. त्यात मामांनी तांब्याचं वायंडिंग भरून, वॉर्निश मारून, तीन कोअरची वायर अर्थिंगसकट जोडून दिली. शाफ्ट भरून टर्न करण्याची मजुरी आणि दोन नवीन बेरिंगचे पैसे मी घातले. ती बेरिंगही अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतली, कारण नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यातली नकली बेरिंग हा आणखी वेगळाच धंदा आहे. सगळं धरून नवीन मशीनच्या किमतीच्या वर खर्च गेला. ग्राइंडर आता अर्ध्या एचपीचा म्हणून चालतो, आणि ती पितळी प्लेट मामांनी दुकानात खिळ्याला लावून ठेवली आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला.