कोरी ग्रिप, मेलेला सोल: १९,५०० रुपयांना पडलेले ट्रेकिंगचे बूट

आकडा आधीच सांगून टाकतो: १९,५०० रुपये. तीन जोड. माझा ६,८००, मेहुण्याचा ६,८००, बायकोचा ५,९००. त्यातले ५,००० ॲडव्हान्स म्हणून यूपीआयने, माल उचलताना ९,५०० पुन्हा यूपीआयने आणि उरलेले ५,००० रोख, कारण "तेवढे कॅश द्या सर, बिलाची भानगड नको, तुम्हालाच स्वस्त पडतंय." हे वाक्य वाचून ज्यांना हसू येतंय त्यांनी हसून घ्या. माझ्या सासरी सगळ्यांचं हसून झालंय. मेहुणा तेवढा हसत नाही, कारण त्याला पैसे भरायला मीच लावलं होतं.

विकणारा कुठल्या बनावट वेबसाइटवरचा बिनचेहऱ्याचा माणूस नव्हता. तसा असता तर मी एक रुपया दिला नसता, तेवढी अक्कल आहे. आमच्याच ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा, दोरी लावून कातळटप्प्यावर लोकांना हात देणारा हा गडी. परदेशी कंपनीचा दुकानातला माल, दुकान बंद पडलं, लॉट उचललाय, १४,९९९ ची वस्तू निम्म्याहून कमीत, ग्रुपपुरतीच ऑफर, रविवारपर्यंत. पुढचं तुम्हाला पाठ असेलच. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय.

आता मी बूट न बघता घेतले असं कुणी म्हणू नका. मागच्या पावसाळ्यात घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पाय मुरगळला होता, ऑर्थोपेडिकवाल्याने घोट्याला आधार देणारे बूट घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि तेच बूट बाईकवर, ऑफिसला रोज घालायचे असल्यामुळे मी चांगला अभ्यास करून गेलो होतो. टाचेमागचा भाग बोटांनी दाबून पाहिला, कडक होता. बूट हातात धरून पिळला, मधोमध दुमडला नाही, चवड्यापाशीच वाकला, आणि चांगला बूट तिथेच वाकतो. जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना घातला. उतारावर अंगठा पुढे आपटू नये म्हणून पुढे बोटभर जागा आहे का तेही बघितलं. या सगळ्या परीक्षेत ते बूट पास झाले. तुम्ही असता तर तुम्हीही घेतले असते.

आणि ग्रिप! एक खाच झिजलेली नाही. खाली व्हायब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा पिवळा अष्टकोनी शिक्का. त्या शिक्क्यावर त्याने भाषण ठोकलं: इटलीतला विताले ब्रमानी, १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती गेले, त्यातून त्याने १९३७ साली खोल खाचांचा रबरी सोल काढला, त्याच्याच नाव-आडनावावरून व्हायब्रम. गोष्ट खरी आहे, नंतर तपासली. सोलचं रबरही खरं होतं. खोटं होतं ते बुटाचं वय.

मला जे माहीत नव्हतं आणि दहातल्या नऊ ट्रेकर्सना माहीत नसतं ते हे. खालचं काळं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये जो जाड थर असतो, मिडसोल, तो अनेक भारी बुटांत पॉलियुरेथेनचा असतो, म्हणजे पीयूचा. हा पीयू हवेतलं बाष्प शोषतो आणि आतून तुटत जातो. बूट एकदाही न घालता खोक्यात पडून असला तरी तुटतो. उलट पडून राहिलेलाच लवकर जातो असं बूट बनवणारेच सांगतात, आणि गरम, दमट गोदामात तर फारच लवकर. तयार झाल्यापासून पाच-सात वर्षांनी त्याचा भरवसा धरायचा नाही. रबराला मात्र काही होत नाही. त्यामुळे ग्रिप कोरी आणि मिडसोल मेलेला, असा जोड बाजारात अगदी ऐटीत उभा असतो. ईव्हीए नावाचा दुसरा हलका फोम असतो, तो वापरून दबतो, पण असा विरघळत नाही. विकत घेताना विचारा: पीयू की ईव्हीए? विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर निघा.

ग्रिप बघू नका. तारीख बघा.

तारीख असते कुठे? बहुतेक कंपन्यांच्या बुटांत जिभेच्या आतल्या बाजूला लहान लेबल असतं, साइझबरोबर महिना-वर्ष छापलेलं. आमच्या तिन्ही जोडांत ते कात्रीने कापलेलं होतं. मी विचारलं, हो, विचारलं! म्हणाला, "कस्टमचा माल आहे सर, लेबल काढूनच येतो." आणि मी मान डोलावली. कस्टमचा आणि बुटाच्या जिभेचा काय संबंध? खोक्यावर ना एमआरपी, ना आयातदाराचं नाव-पत्ता, ना मूळ देश, ना उत्पादनाचा महिना-वर्ष. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या कंपनीचं खोकं इतकं कोरं कधी असतं का? पण समोर ग्रुपमधले आणखी दोघे पैसे मोजत होते, एकच दहा नंबर उरला होता, बायको खाली गाडीत थांबली होती. घाई त्याने केली, मी नाही.

याहून जास्त जे जळतं ते जुलैतलं. बूट रोज ऑफिसला घालत होतो. एक दिवस आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, "साहेब, बुटाला डांबर लागलंय का? तुमच्या खुर्चीपासून लिफ्टपर्यंत काळा चुरा पडतोय." मी वाकून पाहिलंसुद्धा. पुण्यात पावसात रस्त्यांची जी ठिगळं लावतात, त्यात डांबराचे खडे चिकटणं रोजचंच, म्हणून बूट घासले आणि विषय सोडला. तो चुरा डांबराचा नव्हता, मिडसोलचा होता. एवढं ढळढळीत समोर आलं होतं. तेव्हाच बूट वाकवून कडेला बारीक चिरा बघितल्या असत्या तर पुढची फजिती टळली असती आणि तक्रारही लवकर झाली असती. मावशींना कळलं, मला नाही. पण मी म्हणतो, मला का कळावं? मी बूट घेतले होते, रसायनशास्त्राचा पेपर दिला नव्हता.

दिवाळीनंतर राजगड-तोरणा करायला निघालो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरताना डाव्या बुटाखाली काहीतरी फडफडायला लागलं. चार पावलांत टाचेपासून सोल सुटला आणि मधल्या थराचा पावासारखा चुरा होऊन घसाऱ्यावर सांडला. मागून मेहुणा ओरडला, "दाजी, माझापण!" दोघांनी लेस आणि मेडिकल टेप गुंडाळून ते सोल बांधले. माझा उजवा डांबरी रस्त्याच्या अलीकडे गेला. शेजारून एक मामा साध्या चपलेवर ताकाचा कॅन घेऊन चढत होते. थांबले, बघितलं आणि विचारलं, "इकत घेतले का भाड्यानं?" तोरणा रद्द. टेम्पोत बसून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात आलो. घसाऱ्यावर तळव्याखाली आधार नसताना पाय पुन्हा मुरगळला नाही हे नशीब. बायको त्या दिवशी आली नव्हती. तिचे बूट कपाटात होते, घरी येऊन अंगठ्याने दाबले तर कडेला चीर पडली. एकदाही धड न घातलेले.

दुरुस्तीवाल्या काकांनी जोड उलटापालटा करून परत दिला. "चिकटवू कशाला? मधे काही उरलंच नाही." पूर्ण नवा मिडसोल घालून देणारे कारागीर आहेत, पण सांगितलेला खर्च जोडामागे २,८००. मेलेल्या मालावर आणखी ८,४०० घालणारा मी नव्हे.

विक्रेत्याला फोन केला. आधी "ओले ठेवले असतील", मग "तुमचं वजन किती आहे सर?", मग "सेलमध्ये गॅरंटी नसते". शेवटी उपकार म्हणून तिन्ही जोडांचे मिळून १,५०० देऊ केले आणि मी नाही म्हटल्यावर ग्रुपमधून मलाच काढलं.

इथून पुढे खरी करमणूक. चौकीत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी बूट हातात घेतले, हसले आणि विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे." वय लपवून, लेबल कापून वस्तू विकली तर ती फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ कलम काढून दाखवलं तर म्हणाले, "वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस बंदोबस्ताला गेला होता. बँकेत गेलो, तिथे म्हणे पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा, आम्ही काय करणार. खोक्यावरच्या छपाईची तक्रार घेणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलो तर "सीलबंद खोकं आणा." अहो, सीलबंद खोकं आणायचं तर त्याच माणसाकडून आणखी एक जोड विकत घ्यायचा का? तिथून दुसऱ्या इमारतीत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, संबंधित बाई निवडणुकीच्या कामावर. तिथल्या शिपायाने मात्र बूट नीट निरखले आणि "कुठून घेतले? मलाही घ्यायचे होते" असं विचारलं. त्यालाच सगळं समजावून सांगितलं, निदान एक माणूस वाचला. ऑनलाइन टाकलेली तक्रार तर वाचलीही नसावी, "विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक नाही" एवढ्या एका ओळीत बंद. नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार आहे! सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, बिल कुठाय. चोराने बिल दिलं नाही याचा जाब चोराला नाही, मला.

बिलाचं ऐका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू विकून बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणजे "बिल नाही तर केस नाही" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची जाहिरात, बुटांचे फोटो यांवर तक्रार उभी राहते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. १९३० सायबर फसवणुकीसाठी, तोही पैसे गेल्या गेल्या फिरवायचा, माझ्यासारखा महिने उलटल्यावर नव्हे. रोख दिलेल्या ५,००० चा माझ्याकडे कागद नाही, ते गेल्यात जमा. रोख देऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढा, कारण ग्रुपमधून काढल्यावर नवीन काही दिसत नाही आणि तो आपले मेसेज डिलीट करत सुटतो.

आणखी एक, रागाच्या भरात सांगतो. आपल्या सह्याद्रीत आठ हजारांच्या वॉटरप्रूफ बुटाचं कौतुक पुरे झालं. जुलैत पाणी वरून, घोट्यातून आत शिरतं, आणि आतल्या वॉटरप्रूफ अस्तरामुळे बाहेर पडत नाही, दोन दिवस बूट वाळत नाही. ओल्या कातळावर रबर मऊ हवं, टाच पक्की हवी, लेस बांधल्यावर टाच उचलली जाता कामा नये. एवढं असलं की झालं. वर्षानुवर्षं लोक ॲक्शन कंपनीच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर गड करत आलेत. मीही करत होतो. मुरगळल्यावर भीती बसली आणि त्या भीतीवर या विक्रेत्याने धंदा केला.

जुने भारी बूट घरात पडून असतील तर ट्रेकच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी काढा. घालून जिन्यावर चढा-उतरा, कडेला अंगठा जोरात दाबा. चिकट लागलं किंवा भुगा आला तर गडावर नेऊ नका, कितीही महागाचे असोत.

गेल्या महिन्यात मित्राने दुसऱ्या एका ग्रुपवरची जाहिरात पाठवली. तेच फोटो, मागे आम्ही बूट उचलले त्याच गाळ्याची फरशी, किंमत आता ७,२००. ज्यांनी मे-जूनमध्ये पुण्यात असा "बंद दुकानाचा लॉट" घेतलाय त्यांनी जिभेखालचं लेबल आजच बघा. कापलेलं असेल तर बूट फेकू नका, चुऱ्यासकट पिशवीत बांधून ठेवा, तो पुरावा आहे. एकाच माणसाने फसवलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करू शकतात. आम्ही तिघे आहोत. यूपीआयची नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांनी मला लिहा.