आजीकडचे नियम, घरचे नियम: एकच ठेवावेत की वेगळे?

आईबाबा दोघंही नोकरीला आणि मूल दिवसभर आजीकडे, हे मुंबईत घरोघरी चालतं. मग शिस्तीचे नियम दोन्हीकडे सारखे ठेवायचे, की ज्या घरचे त्या घरी? आम्ही दोन्ही करून पाहिलं. सासूबाई मुलुंड पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, मध्ये स्टेशनचा पूल. लेक आता सहा वर्षांची आहे.

दोन्हीकडे एकच नियम असले की मूल गोंधळत नाही आणि 'आजी तर देते' हे ऐकावं लागत नाही. मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत मी हेच सुचवेन. त्या वयात झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा दोन्हीकडे सारख्या असल्या की रात्रीची किरकिर बरीच कमी होते.

पुढे मात्र हे अवघड जातं. लेक चार वर्षांची असताना मी अकरा नियमांची यादी सासूबाईंच्या फ्रिजवर लावली. जेवताना मोबाइल नाही, हा पहिलाच नियम. पाचव्या दिवशी मी लवकर पोचले. त्या लेकीला वरणभात भरवत होत्या, समोर कार्टून चालू. मला बघताच त्यांनी मोबाइल पदराखाली घेतला. गुडघे दुखतात, घास घेऊन तिच्यामागे फिरवत नाही, म्हणून कार्टून. सत्तरीच्या बाईला स्वतःच्या घरात लपवावं लागलं, हे मला फार लागलं. त्याहून वाईट म्हणजे लेक ते बघत होती. ज्यांनी नियम पाळायचा त्यांनाच तो पटलेला नसेल, तर मूल त्यातून लपवाछपवीच उचलतं.

मग ज्या घरचे नियम त्या घरी, असं ठरवलं. पोरगी शेफारेल अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. शाळेत बाईंसमोर गुपचूप डबा संपवणारं मूल घरी भाजी बघून तोंड फिरवतं, म्हणजे कुठे काय चालतं हे त्याला पक्कं कळतं. महिन्याभरात लेक पुलाच्या पायऱ्या उतरताना स्वतःच म्हणायला लागली, "आता आपल्याकडे मोबाइल नाही."

मात्र आपल्या घरचा नियम आपल्या घरात रोज तोच असायला हवा, आणि तिथे मीच कमी पडले. एका संध्याकाळी तिने विचारलं, "आई, आज गाडीत बसायला मिळालं का गं?" मला वाटलं, माझी काळजी करतेय. मी म्हटलं, नाही गं, उभ्यानेच आले. घरी पोचून चपला काढतो न काढतो तोच तिने मोबाइल मागितला. मी दमले असले की तीनदा नाही म्हणते आणि चौथ्यांदा देते, हे तिने बरोबर हेरलं होतं. दोन घरांमधला फरक तिला कळत होता. तिला कळत नव्हतं ते माझं आज नाही आणि उद्या हो.

हे असं का होतं, ते स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसतं. ते प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाले. टोच मारली की दरवेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. अधूनमधूनच दाणा मिळालेलं मात्र कितीतरी वेळ टोचत राहतं. मी लेकीला तसंच अधूनमधून देत होते. ठाम राहायचं ठरवल्यावर हट्ट आधी वाढू शकतो, हेही लक्षात ठेवा. आमच्याकडे तीन दिवस लोळून रडणं झालं. नवऱ्याचा धीर सुटत आला होता, माझाही. आठवडा सरता सरता तिने मागणं सोडलं.

काही गोष्टी मात्र दोन्ही घरं मिळूनच मोजाव्या लागतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन. तो एक तास दोन्हीकडचा मिळून आहे, आणि आजीकडचं कार्टून त्यातच धरायचं. हात उगारण्याचंही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारायला बंदी आहे, मग कुठल्याही घरात ते का चालावं?

आजीआजोबा तुमच्याच घरात राहत असतील, तर दुसरा मार्ग जवळजवळ बंदच. एका स्वयंपाकघरात दोन नियम टिकत नाहीत. तिथे तीनच नियम ठेवा, पण सगळ्यांनी पाळायचे. पाळणाघर असेल तर त्यांचे नियम त्यांच्याकडे, त्यात फार डोकं घालू नये.

आजी वेगळ्या घरी असेल आणि मूल तीनच्या पुढे असेल, तर मी ज्या घरचे नियम त्या घरी, हाच मार्ग निवडेन. फक्त सामायिक नियम ठरवताना यादी घेऊन जाऊ नका. आजीला विचारा, तुम्हाला कुठला हवा? मी फ्रिजवरचा कागद काढला त्या दिवशी सासूबाईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "पुलावर गर्दीत हात सोडायचा नाही." तो नियम त्या आमच्यापेक्षा कडक पाळतात.