फूबार २००० : भजनाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेताना

ऑडिओ फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारे प्रोग्रॅम पैशाला पासरी मिळतात. विंडोजवरचा फूबार २००० त्यांत उजवा, कारण तो फुकट आहे आणि बदललेली फाइल खरंच बिघडली का, हे तपासायची सोयही देतो. दिसायला मात्र अगदीच रुक्ष, आणि मेनू सगळा इंग्रजी.

एमपीथ्री बनवणारा 'लेम' मूळ प्रोग्रॅमसोबत येत नाही. तो ज्यात असतो तो एन्कोडर पॅक वेगळा बसवायचा, तोही मोफतच. इथेच बरेच जण अडकतात. पुढे फाइलवर राइट क्लिक, कन्व्हर्ट, एमपीथ्री, आणि दर्जा निवडायचा.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वारकरी भजनांत टाळ असतो, आणि टाळ म्हणजे एमपीथ्रीची खरी परीक्षा. १२८ केबीपीएसला (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट माहिती; आकडा मोठा तितका दर्जा चांगला) साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी बारीक पट्टीचा आवाज छाटला जातो, म्हणजे टाळाची चकाकीच जाते. शिवाय एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून दाबतो. एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. ठोका तुकड्याच्या मध्ये आला की दाबताना झालेली खरखर त्याच्या आधीही पसरते. ठोक्याआधीच बारीक 'फुस्स' ऐकू येतं. नुसत्या पेटीला हे फारसं बाधत नाही. म्हणून लेमच्या दर्जाच्या पायऱ्यांपैकी टाळ-मृदंगाला सगळ्यात वरची व्ही-० (सरासरी २४५ केबीपीएस), नुसत्या कीर्तनाला व्ही-२ (सुमारे १९०) पुरे. तासाभराचं व्ही-० साधारण ११० एमबी होतं. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये, ६३५. मूळ वेव्ह फ्लॅक या प्रकारात करून ठेवावी: जागा बरीच वाचते, आवाजातला एक कणही जात नाही. रेकॉर्डर २४ बिटचा असेल तर एमपीथ्रीसाठी आधी १६ बिट करत बसू नये, थेट द्यावं.

दुकानांत पेनड्राइव्हवर भरून मिळणाऱ्या '३२०' (केबीपीएस) फाइलींवर डोळे झाकून विश्वास नको. १२८ ची फाइल पुन्हा ३२० ला बदलली की आकार अडीचपट होतो, आवाज उलट आणखी थोडा घसरतो. फूबारच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या पट्ट्या दाखवणाऱ्या चित्रात) १६ किलोहर्ट्झवर सपाट कापलेली रेघ दिसली की समजावं.

कानाची खात्री करायला एबीएक्स हा जोडभाग घ्यावा; तो मूळ आणि बदललेली फाइल नाव न सांगता ऐकवतो, कुठली कुठली ते आपण ओळखायचं. १६ फेऱ्यांत १२ तरी बरोबर ओळखता आल्या, तरच फरक ऐकू येतो म्हणावं; निव्वळ अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. व्ही-० ला बहुतेकांचे कान इथे हात टेकतात.

आणि गाडीसाठी भरताना नावं रोमन लिपीत द्यावीत. देवनागरी असो की कन्नड, कित्येक कार स्टिरिओ नुसते चौकोन दाखवतात.