अल्टरनेटरच्या नावावर लुबाडणूक: जुनी गाडी असलेल्यांनी वाचावं

नागपुरात ज्यांच्याकडे जुनी अँबेसेडर, पद्मिनी किंवा जीप आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाडी बाबांची, १९७२ ची अँबेसेडर मार्क टू. मूळचा डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज तयार करणारं यंत्र, फार तर बावीसेक अँपिअर द्यायचा, आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) जवळपास काहीच नाही. पावसात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला हेडलाइट आणि वायपर सोबत चालू असले की दिवे पिवळे पडत. म्हणून त्याच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे तेच काम जास्त ताकदीने करणारं यंत्र, बसवायचं ठरवलं. तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो. फसवणूक झाली ती कामात.

शहरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने ‘कंपनीचा नवा, पंचेचाळीस अँपिअरचा’ म्हणून अल्टरनेटर बसवला. साडेआठ हजार घेतले. बिल म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर आकडा. थोड्याच दिवसांत सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. शिवाय गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद जळत राहायचा.

तक्रार केली तर तो म्हणाला, “बॅटरी गेली काका, आपल्या नागपूरच्या उन्हात कुठं टिकते!” उन्हाने बॅटरी लवकर खराब होते हे खरं आहे, म्हणून ते पटलं. त्याने नवी बॅटरी दिली आणि जुनी ठेवून घेतली. जुन्या बॅटरीत शिसं असतं, तिला भंगारात चांगला भाव मिळतो. तो भाव नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा व्हायला हवा होता, झाला नाही. मग ‘रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) कमजोर आहे’ म्हणून अठराशेचा नवा डबा लागला. मग वायरिंग. दर वेळी नवं सामान आणि तेच वाक्य, “करून देतो ना भाऊ, टेन्शन कायले घेता?” या सगळ्यात त्याने एकदाही मीटर लावला नाही.

दिव्याबद्दल पुन्हा सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत दिवा बंद. मला वाटलं, काम झालं. पण बॅटरी उतरायची ती उतरतच होती.

शेवटी कामठी रोडवरच्या एका वयस्कर वायरिंगवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. इंजिन बंद करून नुकतीच चार्ज केलेली बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठीक. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, तिथे दिवे लावल्यावर १२.९ च्या वर काटा जाईना. मग मीटर एसीवर करून बॅटरीच्याच टोकांना लावला. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, तिथे एकच्या वर होता. म्हणजे अल्टरनेटरमधले डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, खराब. इंजिन बंद असताना बॅटरीच्या निगेटिव्हला अँपिअर मीटर जोडला, तर दीड अँपिअरहून जास्त करंट अल्टरनेटरमधून उलटा गळत होता. रात्रभरात बॅटरी बसणारच.

डॅशबोर्ड उघडला तर लाल दिव्याचा बल्बच काढून टाकलेला. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तो दिवा फक्त खूण दाखवत नाही. त्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब काढल्यामुळे खराबी तर लपलीच, वर जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होईना.

अल्टरनेटर खाली उतरवला. चकचकीत चांदी रंग स्क्रूच्या खाचांमध्येही भरलेला होता. नव्या मालाला असं होत नाही. आत फिरणाऱ्या स्लिप रिंगवर खोल चऱ्या, तिला टेकणारे कार्बन झिजून आखूड झालेले, डायोड प्लेटवर हाताने केलेलं जाडंभरडं सोल्डर. जुना माल रंगवून विकलेला. आणि या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आतच बसवलेला असतो, बाहेरचा लागतच नाही. अठराशेच्या त्या डब्यातल्या वायरी टेपखाली कापून सोडलेल्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ‘नवं वायरिंग’ म्हणजे जुन्याच वायरवर नवी काळी टेप. डायनॅमोच्या बावीस अँपिअरसाठी घातलेली ती वायर पंचेचाळीसचा भार घेताना तापते, गाडी पेटूही शकते. अल्टरनेटरचं टोक आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये पूर्ण लोडवर अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वायर किंवा जोड बदलायलाच हवा.

म्हणून काम देताना खोक्यावरचा आणि अल्टरनेटरवरचा नंबर जुळवून घ्या, जीएसटी नंबरचं बिल मागा, काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत घ्या. गाडी ताब्यात घेताना आयडलवर आणि हेडलाइट लावून, दोन्ही वेळा व्होल्टेज डोळ्यांसमोर मोजायला लावा. चावी फिरवली की लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की पूर्ण विझला पाहिजे.

पैसे परत मागितले तर त्याने ‘माल चांगलाच होता’ म्हणून हात वर केले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आणि उघडलेल्या अल्टरनेटरचे फोटो जोडून तोही अर्ज तयार केला आहे.