आडवा, उभा की फ्रीजमधलाच? फ्रीझर घेण्याआधी घरातल्यांची वयं मोजा

फ्रीझर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी लिटर विचारतात. मी म्हणेन आधी हे विचारा की पुढची दहा वर्षं त्यात हात घालणार कोण, कारण मशीन तेवढं आरामात चालतं आणि तोवर घरातली माणसं पार बदललेली असतात.

एकटे असाल किंवा दोघंच, तर वेगळा फ्रीझर घेऊच नका, फ्रीजमधला पुरतो. फक्त त्यावरच्या चांदण्या बघा (वीजबचतीच्या स्टारबद्दल बोलत नाहीये, बऱ्याच मॉडेलवर फ्रीझरच्या कप्प्यासाठी वेगळी खूण असते). एक चांदणी म्हणजे -6 अंश, दोन म्हणजे -12, तीन म्हणजे -18, आणि चौथी असेल तर तो ताजं अन्न नीट गोठवू पण शकतो. एका चांदणीवाल्यात महिनोन्महिने काही ठेवायचं स्वप्न बघू नका.

बाळ आलं की लोक घाबरून मोठा फ्रीझर घेतात. खरंतर पंपने काढलेल्या दुधाला एक ड्रॉवर बास होतो, -18 ला ते 6 महिने उत्तम राहतं, 12 पर्यंत चालतं, फक्त दाराजवळ न ठेवता आत मागे ठेवायचं.

खरी गरज पोरं वाढत्या वयात आली की लागते. माणशी 40 ते 70 लिटर असा एक ठोकताळा आहे, म्हणजे चौघांना 160 च्या पुढे. इथे आडवा आणि उभा असा खरा सामना आहे.

आडव्याचं झाकण वर असतं आणि थंड हवा जड, त्यामुळे उघडलं तरी ती आतच बसून राहते, वीज सहसा कमी खातो, आणि लाईट गेली तर भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण 48 तास तग धरतो (अर्धा भरलेला असेल तर 24). मोठाली पाकिटं आडवीतिडवी कशीही कोंबता येतात. पण तळ म्हणजे विहीर हो! आमच्या आडव्यात एकदा अगदी खाली एक पुडकं सापडलं, वर लेबल नाही, आत काय आहे ते कोणालाच सांगता येईना, कधीचं आहे तेही नाही, शेवटी टाकलं.

उभ्यात सगळं ड्रॉवरमध्ये समोर दिसतं, जागाही कमी लागते, पण दार उघडलं की थंडी पायावर सांडते. फ्रॉस्ट-फ्री असेल तर बर्फ खरवडायची कटकट नाही, मात्र पंख्याची कोरडी हवा अन्नातलं पाणी ओढून घेते, पाकीट सैल असेल तर वरचा भाग पांढरट, चामड्यासारखा होतो. खाल्लं तर अपाय नाही, चव मात्र गेली.

मग पोरं बाहेर पडतात आणि तोच 250 लिटरचा आडवा अर्धा रिकामा राहतो. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा म्हणतात, आणि लाईट गेल्यावर त्यांचा उपयोग होतो हे खरं, पण दोन माणसांसाठी बाटल्या गोठवत बसायच्या म्हणजे कमालच.

गुडघे आणि कंबर बोलायला लागली की आडवा बादच, तळातलं पाकीट काढायला त्यात अर्धं उतरावं लागतं. या वयात मी छोटा उभा फ्रॉस्ट-फ्रीच घेईन, वीज थोडी जास्त खाऊ दे, पण ड्रॉवर कमरेच्या उंचीला आणि दार उघडं राहिलं तर वाजणारा अलार्म. आजारपणात बाहेर पडता येत नाही तेव्हा एकेका जेवणाचे डबे गोठवलेले असले की फार आधार वाटतो. आणि साठीला आलेल्या माणसाने सुरी घेऊन बर्फ फोडत बसू नये, खरं तर कोणीच नको, आतली नळी फुटली तर गॅस जातो आणि आजकाल बऱ्याच मशीनमध्ये तो आयसोब्युटेन असतो, पेट घेणारा.

म्हणून चाळिशी-पन्नाशीत घेत असाल तर आजची गरज आडव्याची वाटली तरी उभाच घ्या असं माझं मत. पस्तिशीच्या आत असाल, घरात चार-पाच खाणारी तोंडं असतील आणि लाईट सारखी जात असेल तर आडवा. फ्रीझर गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर लेबलवरचा क्लायमेट क्लास वाचा, एन म्हणजे बाहेर 16 ते 32 अंश, टी म्हणजे 43 पर्यंत.